४के असायलाच पाहिजे का? नागपुरात पहिला कन्सोल घेणाऱ्यांसाठी

घरात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, घ्यायचं ठरतं तेव्हा वाद गेमवरून होत नाही, टीव्हीवरून होतो. हॉलमध्ये चांगला चालता फुल एचडी टीव्ही असतो. पोट्टं म्हणतं, प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर टीव्हीही ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र दाखवणारा) पाहिजे, नाहीतर घेऊन काय फायदा. बाबा हिशेब मांडतात, दोन्ही मिळून आकडा लाखाच्या घरात जातो आणि विषय पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एस किंवा सिरीज एक्स, यांतलं कुठलंही यंत्र फुल एचडी टीव्हीवर व्यवस्थित चालतं. ‘४के नाही’ म्हणून गेम अडून बसत नाही. उलट कित्येक गेम आतमध्ये मोठं चित्र तयार करतात आणि टीव्हीला ते १०८०पीमध्ये, म्हणजे फुल एचडीत, आकसून पाठवतात, त्यामुळे कडा जास्त नितळ दिसतात. तुम्हाला ४केचा उपयोग होईल की नाही, हे ठरतं दिवाणापासून टीव्हीपर्यंतच्या अंतरावर. म्हणून बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जायच्या आधी घरातला टेप शोधा.

पायरी १: अंतर मोजा, मग इंचाला आठने भागा

तुम्ही खेळताना जिथे बसणार तिथून टीव्हीच्या काचेपर्यंत किती फूट आहे ते मोजा. मग टीव्ही जितक्या इंचांचा आहे त्या आकड्याला आठने भागा. जे उत्तर येईल तितक्या फुटांच्या पलीकडे बसलात, तर फुल एचडी आणि ४के यांतला बारकावा चांगल्या डोळ्यांनाही जवळपास दिसत नाही. ३२ इंचाला हे अंतर ४ फूट येतं, ४३ इंचाला साधारण साडेपाच, ५५ला सातच्या आतबाहेर आणि ६५ला आठ.

हे आठ कुठून आलं? निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखू शकतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, अर्धा मिलिमीटर रुंद असतो. पावणेदोन मीटरवर गेलं की तो या कोनाच्या आत जातो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. तिथे त्याचे चार तुकडे केले काय नि न केले काय, डोळ्यांना सारखंच. नियम ढोबळ आहे हे खरं. हलत्या चित्रातल्या करवतीसारख्या कडा याहून थोड्या लांबूनही खुपतात. पण खरेदीचा निर्णय घ्यायला एवढा हिशेब पुरतो.

आता तो नागपूरच्या घरांना लावून बघा. महाल-इतवारीतल्या जुन्या घराची बैठक घ्या किंवा मनीषनगरच्या फ्लॅटचा हॉल, टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला. अंतर सहज आठ-नऊ फूट होतं. तिथे ४३ इंची ४के टीव्ही लावला तर बारकाव्याच्या बाबतीत तुम्ही फुल एचडीच बघताय. ५५ इंचालाही फरक नावापुरताच. पण पोट्टे सोफ्यावर बसतात कुठे? ते चटई ओढून टीव्हीपासून चार फुटांवर येतात, आणि तिथे ४३ इंचावरही ४के दिसतं. म्हणजे एकाच टीव्हीवर मुलाचं म्हणणं खरं ठरतं आणि मागे बसलेल्या बाबांचंही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अख्खं घर कूलरच्या खोलीत राहायला जातं. टीव्हीही तिकडे जात असेल तर त्या खोलीचं माप वेगळं घ्या. ती बहुतेक वेळा लहान असते आणि गादीवर बसून टीव्ही बराच जवळ येतो.

बजाजनगर-अभ्यंकरनगरकडे खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं गणित पूर्ण निराळं. टेबलावर २४ किंवा २७ इंची मॉनिटर आणि डोळे त्याच्यापासून दोन-अडीच फुटांवर. आठने भागलं तर सीमा तीन फुटांच्या पुढे येते, म्हणजे तुम्ही तिच्या आत बसलाय. इथे जास्त रिझोल्यूशनचा (म्हणजे चित्रातल्या जास्त पिक्सेलचा) फायदा रोज दिसेल, आणि १४४०पीचा मॉनिटर हा सगळ्यात शहाणा मधला मार्ग. एक्सबॉक्स त्याला आधीपासून १४४०पी सिग्नल देतो. प्लेस्टेशन ५ला ही सोय सप्टेंबर २०२२च्या अपडेटमध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून ‘१४४०पी चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते आता जुनं झालं.

पायरी २: ४के म्हणजे कन्सोलला किती काम, हे समजून घ्या

फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४०पीमध्ये ३६.९ लाख. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालवायचा असेल तर एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत रंगवून संपली पाहिजे. ३० फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे दुप्पट सवड.

सगळी ओढाताण इथेच आहे. यंत्राची ताकद तेवढीच, ती पिक्सेलवर खर्च करा, नाहीतर फ्रेमवर, नाहीतर प्रकाश आणि सावल्यांवर. म्हणून मोठ्या गेममध्ये बहुतेक वेळा दोन मोड दिलेले असतात. क्वालिटी किंवा फिडेलिटी मोडमध्ये चित्र ४केच्या जवळ जातं आणि वेग ३०वर राहतो. परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन उतरतं आणि वेग ६० होतो.

आणि खोक्यावरच्या ४केला फार भुलू नका. टीव्हीच्या कोपऱ्यात २१६०पी (म्हणजे ४के) लिहून येतं ते फक्त सिग्नलबद्दल असतं. आतलं मूळ चित्र किती पिक्सेलचं, हे गेम ठरवतो, आणि गर्दीच्या प्रसंगात ते दर क्षणाला कमी-जास्तही होत असतं. उरलेले पिक्सेल हिशेबाने भरून काढले जातात. २०१६च्या प्लेस्टेशन ४ प्रोने हे चेकरबोर्ड पद्धतीने केलं, आजचे गेम एएमडीचं एफएसआर वापरतात, प्लेस्टेशन ५ प्रोवर सोनीचं पीएसएसआर आहे, निन्टेन्डो स्विच २मध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस. ही फसवणूक नाही, चांगलं तंत्र आहे. पण ‘खरं ४के’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर हे माहीत असलेलं बरं.

८केबद्दल एका ओळीत: पिक्सेल ३.३ कोटी, त्या मापाचे गेम जवळपास नाहीतच, विसरून जा.

पायरी ३: तुमच्या टीव्हीला जुळेल तो कन्सोल

फुल एचडी टीव्ही आणि तो बदलायचा विचार नाही? एक्सबॉक्स सिरीज एस बघा. तो बनवतानाच १४४०पीचं लक्ष्य ठेवलं होतं; ४के टीव्हीला जोडला तर सिग्नल वाढवून देतो. मात्र त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. सगळे गेम डाउनलोड करावे लागतील, आणि मित्राकडून डिस्क आणून खेळणं किंवा खेळून झालेली विकणं, दोन्ही बंद. आपल्याकडे डिस्कची देवाणघेवाण चालते, त्यामुळे हा मुद्दा मला रिझोल्यूशनपेक्षा मोठा वाटतो.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आला. डिस्कवाला घेतलात तर ४के ब्लू-रेही (सिनेमाची ४के डिस्क) चालते. टीव्ही आज फुल एचडी असला आणि दोन-तीन वर्षांनी बदलणार असाल, तर कन्सोल आत्ता आणि टीव्ही नंतर हा क्रम बिनधास्त ठेवा. उलटा क्रम मला पटत नाही, कारण टीव्ही दरवर्षी सुधारतात आणि स्वस्त होतात.

सेकंड हँड घेणार असाल तर नावं नीट वाचा. साधा प्लेस्टेशन ४ आणि त्याचा स्लिम १०८०पीपर्यंतच. प्रो ४के सिग्नल देतो, पण ४के डिस्क वाचत नाही. एक्सबॉक्स वन एस नेमका उलटा: ४के ब्लू-रे चालवतो, गेमला मात्र ४के फक्त ताणून देतो. २०१७चा वन एक्स दोन्ही करतो.

निन्टेन्डो स्विच टीव्हीला जोडला तर १०८०पी देतो आणि हातात धरला तर त्याचा स्वतःचा पडदा ७२०पीचा आहे. २०२५चा स्विच २ टीव्हीवर ४केपर्यंत जातो. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे हे आकडे कोणी विचारतही नाही, आणि बरोबरच आहे.

पायरी ४: टीव्ही घ्यायचाच असेल तर दुकानात काय विचारायचं

आज ४३ इंच आणि त्यापुढचा टीव्ही घ्यायला गेलात तर तो बहुतेक ४केच असतो. त्यामुळे मुद्दाम फुल एचडी शोधत फिरू नका. ४के हा आता वेगळे पैसे मोजायचा मुद्दा राहिलाच नाही. सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून लहान आणि मोठ्या टीव्हीतलं करांचं अंतरही गेलं.

अपवाद ३२ इंचांचा. तिथे अजूनही ‘एचडी रेडी’ टीव्ही भरपूर विकले जातात. त्यांचं पॅनेल सहसा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचं असतं. कन्सोल पाठवतो ७२० किंवा १०८० ओळी, म्हणजे कुठलाच आकडा पॅनेलशी जुळत नाही. टीव्ही चित्र ओढूनताणून बसवतो आणि गेममधली बारीक अक्षरं पुसट दिसतात. घरी असा टीव्ही असेल तर तो बदलण्याने पडणारा फरक फुल एचडीवरून ४केवर जाण्याहून कितीतरी जास्त जाणवेल.

दुकानदार म्हणेल, “भाऊ, फोर-के आहे, एचडीआर आहे, एकशेवीस हर्ट्झ आहे, अजून काय पाहिजे?” तेव्हा हे विचारा.

पॅनेल मुळात किती हर्ट्झचं आहे, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो? ‘मोशन रेट १२०’ किंवा ‘एमईएमसी’ लिहिलेलं असलं तरी आत ६० हर्ट्झचं पॅनेल असू शकतं. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः तयार करतो. क्रिकेट आणि सिनेमासाठी ठीक आहे, गेममध्ये मात्र हे बंदच ठेवावं लागतं, कारण त्यात वेळ जातो.

गेम मोड आहे का आणि तो आपोआप लागतो का? दुसऱ्या गोष्टीला एएलएलएम म्हणतात. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत टीव्ही स्वतः जो वेळ खातो, तो गेम मोडमध्ये खूप कमी होतो. माझ्या मते गेम खेळणाऱ्यासाठी टीव्हीतली ही सगळ्यात महत्त्वाची सोय. रिझोल्यूशन हिच्या पुष्कळ मागे.

एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) नुसतं ‘सपोर्ट’ आहे की दिसतंही? स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतात, पण तो दाखवण्याएवढा उजेड त्यांच्यात नसतो. चांगला एचडीआर पॅनेल असेल तर सूर्यप्रकाश, आग, रात्रीचे दिवे यांत जो जिवंतपणा येतो तो आठ फुटांवरूनही दिसतो, आणि ४के दिसत नाही. पैसे जास्त घालायचेच असतील तर इथे घाला. मात्र आपल्या दुपारचं ऊन समोरच्या खिडकीतून काचेवर पडत असेल तर आधी जाड पडद्याची सोय करा.

टीव्ही दुकानात ‘व्हिव्हिड’ किंवा स्टोअर मोडवर असतो आणि त्यावर फुलं-पक्ष्यांची डेमो फिल्म चालते. त्यावरून काही ठरवू नका. रिमोट मागून घ्या, गेम मोड लावा आणि तुमच्या घरच्या अंतराएवढे मागे जाऊन उभे राहा. तिथून शेजारचा टीव्ही वेगळा दिसला नाही तर तो फरक घरीही दिसणार नाही.

पायरी ५: केबल आणि पोर्ट

टाकी भरलेली असून नळ बारीक असला तर धार बारीकच पडते. कन्सोलमधून टीव्हीकडे चित्र जातं ते एचडीएमआय जोडणीतून. एचडीएमआय १.४मधून ४के फक्त ३० हर्ट्झने जातं. २.० मधून ६०ने. ४के आणि १२० हर्ट्झ दोन्ही एकदम हवं असेल तर २.१ लागतं. प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्सच्या खोक्यात त्या लायकीची केबल येते, तीच वापरा. वेगळी घ्यायची वेळ आली तर पाकिटावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ बघा. सोन्याचा मुलामा, जाड वेणी वगैरेसाठी जास्त पैसे देऊ नका.

टीव्हीच्या मागचे सगळे पोर्ट सारखे नसतात. बऱ्याच टीव्हींत दोनच पोर्ट २.१चे असतात आणि त्यातला एक साउंडबारसाठी ‘ईएआरसी’वाला निघतो. साउंडबार असेल तर हे आधीच तपासा. टीव्ही भिंतीवर टांगल्यावर मागे हात घालणं फार वैतागवाणं काम आहे.

पायरी ६: जोडल्यावर सेटिंग

कित्येक घरांत ४के टीव्ही आणि नवा कन्सोल असूनही सेटिंग न केल्यामुळे अर्धाच लाभ मिळत असतो. आधी टीव्हीकडे या. ज्या पोर्टला कन्सोल लावलाय तो पूर्ण क्षमतेवर नेणारं सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने ठेवलंय: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमधलं ‘एन्हान्स्ड’. ते चालू करा, मग गेम मोड लावा.

प्लेस्टेशन ५मध्ये सेटिंग्ज, त्यात स्क्रीन अँड व्हिडिओ, त्यात व्हिडिओ आउटपुट. रिझोल्यूशन ऑटोमॅटिक राहू द्या. तिथेच सध्याच्या सिग्नलची माहिती दिसते. ४के, ६० हर्ट्झ आणि एचडीआर एकत्र असताना ‘वाययूव्ही ४२२’ (रंगांची माहिती थोडी कमी करून पाठवायची पद्धत) दिसलं तर घाबरू नका, एचडीएमआय २.०वर तसंच येतं. नंतर एचडीआर ॲडजस्ट करा. ते सांगतं तसं, चिन्ह जेमतेम दिसेल इतकं होईपर्यंत बटण दाबत राहायचं. एक्सबॉक्समध्ये जनरल, मग टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स, मग ४के टीव्ही डिटेल्स. टीव्हीला काय जमतं आणि काय नाही याची यादीच तिथे खुणांसकट मिळते. दुकानदाराने सांगितलेलं पडताळायला याहून सोपी जागा नाही, म्हणून बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत ती उघडा.

पायरी ७: क्वालिटी की परफॉर्मन्स

प्लेस्टेशनमध्ये सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्जखाली गेम प्रीसेट्स आहेत. तिथे एकदा परफॉर्मन्स निवडला की ही सोय असलेले गेम त्याच मोडमध्ये सुरू होतात. सोफ्यावरून खेळणाऱ्या नवख्याने डोळे मिटून हाच निवडावा. गाड्यांची शर्यत, फुटबॉल, क्रिकेट, गोळीबार, यांत ६० फ्रेमचा फरक पहिल्या मिनिटाला हाताला कळतो. ४केचा फरक दोन पॉज केलेली चित्रं शेजारी ठेवून शोधावा लागतो.

क्वालिटी मोड सावकाश फिरायच्या, गोष्ट बघत जायच्या गेमसाठी, तोही जवळ बसत असाल तर. काही गेममध्ये तिसरा, ४० फ्रेमचा मोड असतो. त्याला १२० हर्ट्झचा टीव्ही लागतो, कारण ४० हे १२०ला नेमकं तीनदा जातं. एका फ्रेमला २५ मिलिसेकंद, म्हणजे ३० आणि ६० यांच्या वेळांच्या बरोबर मध्ये. १२० हर्ट्झचा टीव्ही घेतलाच असेल तर हा नक्की लावून बघा. मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो.

पायरी ८: उन्हाळा आणि लाईट

कन्सोलसाठी आजूबाजूच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस धरलेली आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असतो, आणि बंद खोलीतली दुपारची हवा ३५च्या आत राहत नाही. १०८०पी आउटपुट लावलं की यंत्र थंड राहील, असं धरून चालू नका. बरेच गेम आत तेवढंच काम करतात. शोकेसच्या बंद कप्प्यात कन्सोल ठेवू नका, चारही बाजूंनी दहा-बारा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, आणि भर दुपारी खेळायचं तर खोली थंड झाल्यावरच सुरू करा. कूलर असेल तर त्याच्या थेट झोतात कन्सोल नको. ती हवा दमट असते आणि धूळ चिकटवते. मागची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा.

मोठ्या गेममध्ये प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॉट घेतो, त्यात टीव्हीची भर. घरच्या इन्व्हर्टरला हे जड नाही. पण मान्सूनपूर्व वादळात लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर यायला जो क्षण लागतो, त्यात कन्सोल बंद पडू शकतो आणि चालू असलेलं सेव्ह बिघडू शकतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएस आणि इको असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. बॅटरीला किंचित जास्त खर्च येतो, पण लाईट गेली तरी गेम चालू राहतो.